तिसऱ्या खुर्चीखाली

१

कानसेनांचा उजवा पाय त्यांच्या ताब्यात नव्हता. ही तक्रार त्यांच्या बायकोची, आणि येता-जाता ती हेच ऐकवायची. झोपेत लाथा मारतात, जेवताना टेबलाखाली टाच आपटतात, न्हाव्याच्या खुर्चीत बसले तरी पाय चालूच. "अहो, तुमच्या पायाला एखादा पंप जोडू या," ती म्हणायची, "निदान गच्चीवरची टाकी तरी भरेल."

कानसेन हे त्यांचं ऑफिसातलं नाव. काम ऐकण्याचं, म्हणून कानसेन. इमारतीवर पाटी होती 'दूरसंवाद सुरळीत कक्ष' अशी, त्यामुळे शेजाऱ्यांची समजूत झालेली की नेट बंद पडलं की तक्रारी घेणारी माणसं तिथे बसतात. मग काय, तक्रारी घरीच यायच्या. जिन्यात गाठून लोक सांगायचे, आवाज तुटतो हो, काहीतरी करा. कानसेन मान डोलवून ऐकून घ्यायचे. दिवसभर ऐकतोच आहोत, त्यात आणखी थोडं फुकटात.

आत प्रकार वेगळा होता. लांबलचक खोली, रांगेने टेबलं, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन आणि प्रत्येकाच्या उजव्या पायाशी रबराचं एक चपटं पेडल. नेटवरून लोक एकमेकांशी जे बोलायचे ते आधी या खोलीत यायचं आणि दोन श्वास थांबून पुढे जायचं. त्यात बंदीचा शब्द आला की पेडल दाबायचं. तेवढा शब्द गळून पडायचा. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करायचा आणि रेंजला शिव्या घालायचा. रेंज माणूस असती तर लाजेने कधीच परागंदा झाली असती, इतक्या शिव्या तिने खाल्ल्या होत्या. लोकांना तर प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा सांगायची सवयच लागली होती, समोरासमोर बोलतानासुद्धा.

हे काम यंत्र का करत नव्हतं? यंत्रं होतीच की. पण यंत्राला टोमणा कळत नाही, कुजबुज कळत नाही, आणि दात पडलेल्या म्हाताऱ्याचं बोलणं तर मुळीच कळत नाही. त्यासाठी माणसं लागतात. सकाळी हळूबाई रांगांमधून फिरत त्या दिवसाचे शब्द सांगायच्या. त्या मोठ्या साहेब होत्या, पण बोलायच्या इतकं हळू की खोलीत टाचणी पडली तर त्यांचं वाक्य बुडावं. कागदावर काही यायचं नाही. ऐकायचं आणि पायात साठवायचं.

सध्या शब्द होता 'पूल'. नदीवरचा मोठा पूल माणसांसकट कोसळला होता. किती माणसं, कोण, हे कोणी सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून कोणाच्याच बोलण्यात पूल उरला नव्हता.

कानसेन माणूस वाईट नव्हते हो. उलट ज्यांना ऐकायचे त्यांच्यात ते जीव गुंतवून बसायचे. घरी येऊन पहिल्या घोटाबरोबर सांगायचे, "आज त्या मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन छान पार पडलं."

"कोण मावशी?"

"ऑफिसातल्या."

"तुमच्या ऑफिसात मावश्या फार," बायको म्हणायची, आणि पुढे विचारायची नाही.

२

घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरातच जेवणाचं टेबल, त्याला तीन खुर्च्या, खाली बायकोने जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेली जाड सतरंजी. तिसरी खुर्ची मुलीची. ती मोठ्या शहरात चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. लहानपणी शेंगदाणे गालात कोंबून हिंडायची, म्हणून बाबांनी नाव ठेवलं होतं खारू. गालांचे फुगे घेऊन ती खाली अंगणात खेळायला पळाली की आई गच्चीवरून हाक मारायची. आधी लांबवून, मग वर चढवून, शेवटी एकदम तोडून. ती हाक ऐकून अंगणातली सगळीच पोरं घरी पळायची. आणि एक नियम होता घरात. शाळेच्या फाटकाशी कोणीही आलं, आईने पाठवलंय म्हणालं, तरी 'खारू' म्हटल्याशिवाय त्याच्याबरोबर जायचं नाही. अंगणातल्या पोरांपलीकडे हे नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

मोबाईलचं नेट बंद होऊन बराच काळ लोटला होता. फोनवर चेहरा दिसणंही बंद झालेलं. घरोघरी नोंदणी केलेला एकेक डबा, तो आमच्या या मंडळींकडे टेबलाशेजारच्या भिंतीवर होता, आणि त्याच्या वायरीला जोडलेल्या फोनवरून फक्त बोलता यायचं.

त्या संध्याकाळी बायको भाजी चिरत होती. तोंड चाललं होतं सुरीपेक्षा जोरात. शेजाऱ्यांच्या घरी खिळे ठोकणं चालू होतं, पंखा कुरकुरत होता, नळ टिपटिपत होता. "तो गवंडी सांगत होता," ती म्हणाली, "म्हणे, त्या..."

आणि शब्द आलाच नाही.

नुसता शब्द नाही. पंखा फिरताना दिसत होता, पण त्याची कुरकुर गेली. हातोडी थांबली. सुरी फळीवर टेकली ती बिनआवाजी. सगळं घर एका शब्दापुरतं कापसात गुंडाळल्यासारखं झालं. मग "...जवळचा रस्ता अजून बंद आहे," इथून सगळे आवाज परत सुरू.

कानसेनांनी खाली पाहिलं. त्यांची उजवी टाच सतरंजीवर घट्ट दाबलेली होती.

"काय म्हणालीस?"

"कान कुठे गहाण ठेवलेत?" बायकोने सवयीने वाक्य दुसऱ्यांदा सांगितलं. त्याच जागी तोच खड्डा. ती मात्र भाजी चिरत राहिली.

३

माणूस शहाणा असला की आधी स्वतःवर संशय घेतो. कानसेन कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी कानात दिवा घातला, यंत्राच्या शिट्या ऐकवल्या, आणि म्हणाले, "कान ठणठणीत आहेत. ठणठणीत आहेत कान. हेडफोन जरा कमी लावा."

मग त्यांनी स्वतःच परीक्षा घेतली. न्हाणीघरात गेले, कडी लावली, आणि टाच दाबत म्हणाले, "पूल." शब्द भिंतीवर आपटून व्यवस्थित परत आला. पुन्हा म्हणाले, जोरात. बाहेरून बायकोने विचारलं, "अहो, आत कोणाशी बोलताय?"

"गातोय."

"मग दार बंदच ठेवा."

त्यांना हायसं वाटलं. थकवा असेल, दुसरं काय. दिवसभर जे करतो तेच मनाला दिसतं. तरी खबरदारी म्हणून संध्याकाळी ते खुर्चीवर मांडी घालून बसले, दोन्ही पाय वर. बायको हसली, म्हणाली, "आज काय समाधी लावायची आहे?" आणि मग कोणाच्या तरी भावाची गोष्ट सांगू लागली. तो माल घेऊन निघाला होता, दुपारची वेळ होती, आणि नेमका त्या...

पंखा गेला. नळ गेला. सुरी गेली.

कानसेनांनी स्वतःचे पाय दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. पाय हलले नव्हते. आतापर्यंत पाय आपला आहे एवढा तरी धीर होता, तोही गेला.

४

काही दिवसांनी सकाळी हळूबाई रांगेतून आल्या. "पूल आहेच," त्या पुटपुटल्या. "आजपासून आणखी एक. खारू."

खोलीत खसखस पिकली. शेजारच्या टेबलावर मास्तर बसायचे, शाळेतून निवृत्त झालेले. ते वाकून म्हणाले, "आता जनावरांवर पण बंदी का हो? उद्या उंदीर म्हणायची चोरी." कानसेन हसले. हसावंच लागलं. 

अंगणाबाहेर कोणालाच माहीत नसलेलं नाव. फक्त घरच्या जेवणाच्या टेबलाशी घेतलं जाणारं.

दुपारी कळलं. कानात एक बाई आपल्या भावाला सांगत होती, "थांब, तुला ऐकवते. रोज संध्याकाळी ती मुलगी वाचते, तिचंच आहे. खारू म्हणते स्वतःला. कोण आहे, कुठली आहे, कोणाला ठाऊक नाही." कानसेनांच्या पायाने तेवढं नाव गाळलं, मग खरखर झाली आणि एक मुलगी नावं वाचू लागली. नुसती नावं. माणसाचं नाव, त्याचं वय, तो नदीपलीकडे कशासाठी निघाला होता ते. अमका, दात काढायला. अमकी, बहिणीला डबा द्यायला. प्रत्येक नावानंतर ती छोटासा श्वास घ्यायची, लहानपणी गोष्ट वाचताना घ्यायची तसाच.

कानसेनांनी आवाज ओळखला, ही त्यांचीच खारू. आधी अभिमान, आणि त्याच्या मागोमाग भीती. पोरीने केवढं मोठं काम अंगावर घेतलं होतं, आणि घरी सांगितलं होतं, दुकानात गर्दी फार असते म्हणून फोनला उशीर होतो.

ती भीती कशाची, हे बाहेरच्याला कळणार नाही. त्यांनी एकदा एका पाववाल्याला असंच ऐकलं होतं. तो रोज बहिणीला फोन करायचा, नदीकाठी रात्री कसले ट्रक येतात ते सांगायचा. मग हळूबाईंनी 'भट्टी' हा शब्द दिला. काही दिवसांनी म्हणाल्या, "भट्टी उठला." म्हणजे बंदी उठली, आता दाबायची गरज नाही. खरंच गरज नव्हती. पाववाला पुन्हा कोणाच्याच कानात आला नाही. बहीण फोन लावायची, नुसती घंटा वाजायची.

शब्द येणं वाईटच. पण शब्द उठणं त्याहून वाईट.

५

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बायकोने हात पुसले, फोन कानाशी धरला आणि लाडाने हाक मारली. कानसेनांना तिचे ओठ दिसले. घरातले सगळे आवाज गेले आणि परत आले.

फोनमधून मुलीचा आवाज आला, बारीक. "आई, आज तू मला हाक का नाही मारलीस?"

"अगं, आत्ता मारली की!" तिने पुन्हा मारली. पुन्हा कापूस.

"बघ. परत रिकामं." मुलीने आवाज आणखी बारीक केला. "आई, हल्ली आवाज कोणाचाही काढतात. दुकानात एक बाई यायच्या, त्यांना मुलाचा फोन आला, ये म्हणून. त्या गेल्या. चष्मा तयार होऊन पडलाय, न्यायला आल्या नाहीत. तू माझी आई असशील, तर मला गच्चीवरून मारायचीस तशी हाक मार. नाहीतर... नाहीतर मी फोन ठेवते."

बायकोने हाक मारली. मानेच्या शिरा फुगेपर्यंत मारली. नळाचं पाणी बिनआवाज पडत राहिलं.

फोन ठेवलेला होता.

ती खुर्चीत बसली आणि पदराआड नाही की कशाआड नाही, सरळ रडली. मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं नव्हतं. बरेच दिवस झाले. एखादा शब्द तोंडातून निघतो आणि माझ्याच कानाला लागत नाही. मला वाटलं, मला वेड लागलं. तुम्हाला उगीच घोर नको."

"आणि मला वाटलं, माझे कान गेले," कानसेन म्हणाले. "मी पण बोललो नाही. तुला घोर नको म्हणून."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि रडता रडता हसले. इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांना घोर नको म्हणून किती काय काय गिळलं होतं, त्यात आणखी हे. मग कानसेनांनी सगळं सांगितलं. हेडफोन, पेडल, मावश्या, पाववाला, आजचा शब्द.

"एवढं मला कळत नव्हतं होय?" ती म्हणाली. "झोपेत लाथा मारता, त्या मच्छरांना थोड्याच!" मग जरा थांबून, टेबलावरचा चमचा उगाच फिरवत म्हणाली, "पण अशी हाक किती जणांची गिळलीत हो तुम्ही?"

 तिच्या हातून चमचा सुटून खाली पडला. उचलायला कानसेन वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

तिसऱ्या खुर्चीखाली सतरंजीत एक खळगा पडला होता. टाचेएवढा. पुढे चवड्याची उथळ रेघ. कोणी नव्हतं. खुर्ची रिकामी, तिच्या पाठीला बायकोचा एप्रन लटकलेला. आणि ते बघत असतानाच खळगा सावकाश भरून आला, चिंध्यांचे दोरे एकेक करून वर उठले, जसे पाय काढून घेतल्यावर उठतात.

"काय झालं?" म्हणत बायकोही खाली वाकली. "मगाशी मारलीस तशीच एकदा मार हाक," कानसेन कुजबुजले. तिने ओठ हलवले. घर मुकं झालं, आणि सतरंजी पुन्हा दबली. कोणीतरी सरावाने, न बघता दाबावं, तशी.

किंचाळेल असं त्यांना वाटलं होतं. पण ती गुडघ्यांवर बसून बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिली. "बूट नाही घातलेला," ती हळूच म्हणाली. "तुम्ही पण काढूनच बसता ना, पाय सुजतो म्हणून?"

"हो."

"मग असेल तुमच्यासारखाच एखादा पोटार्थी. कोणाचा तरी नवरा." आणि रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा सुरात ती म्हणाली, "भाऊ, तेवढ्या एका नावाला पाय उचला की. लेकरू आहे आमचं."

खुर्चीने काही ऐकल्याचं दिसलं नाही. त्या रात्री जेवणं तशीच राहिली.

६

दुसऱ्या दिवशी सतरंजी गुंडाळून गॅलरीत टाकून पाहिली, खुर्ची जिन्यात ठेवून पाहिली. हाक गिळली जायची ती जायचीच. उलट उघड्या फरशीवर काही दिसेना, त्याची जास्त भीती वाटू लागली. बायकोनेच सतरंजी परत अंथरली. "कुठे आहे ते निदान कळू दे," म्हणाली.

आणि मग तो दिवस आला. हळूबाई रांगेतून जाताना कानसेनांच्या टेबलाशी क्षणभर थांबल्या, कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "खारू उद्या सकाळी उठतोय."

कानसेनांना बाकीचा दिवस कसा गेला ते आठवत नाही. घरी आले ते बूट न काढता थेट टेबलाशी. बायकोला एका दमात सांगितलं. पोरीला आजच्या आज तिथून हलवायला हवं. पण ती निघणार कशी? आई-बापाच्या आवाजात 'निघ' म्हणणारं कोणीही असू शकतं, हे तिला पक्कं माहीत होतं आणि बरोबरच होतं. यंत्राकडे तिच्या आईचा सगळा आवाज असेल, हसणं असेल, खोकला असेल. एक ती हाक तेवढी नसेल. फोनवर जी एरवी कधी मारलीच नव्हती आणि मारली तेव्हा मधल्यामध्ये गिळली गेली, तिची नक्कल कोण करणार?

"फोन लाव," ते म्हणाले. खुर्ची पुढे ओढून बसले, बूट-मोजा काढला, आणि उजवा पाय टेबलाखालून लांब करून तिसऱ्या खुर्चीखाली नेऊन ठेवला. तळवा सतरंजीवर. अगदी त्या जागी.

"अहो, हे काय करताय?"

"पाचर लावतोय. दार लागू नये म्हणून लावतात ना, तशी."

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. पण तिने फोन लावला. घंटा वाजली, बराच वेळ वाजली. मग तो बारीक आवाज, सावध. "कोण?"

बायकोने डोळे मिटले आणि हाक मारली.

कानसेनांच्या पायावर पाय पडला.

दिसलं काही नाही. पण मोज्यातली टाच होती, ऊबदार, आणि दिवसभर बसून जड झालेली. ती सरावाने खाली आली, अडली, आणि मग सगळा भार टाकून दाबू लागली. अंगठ्याचं नख पिचल्याचं त्यांना आतून ऐकू आलं. त्यांनी टेबलाची कड धरली. पाय काढला नाही.

"खाऽरू!"

पंखा कुरकुरत होता. नळ टिपटिपत होता. शेजारी कोणीतरी भांडी घासत होतं. आणि त्या सगळ्या आवाजांच्या वर, आधी लांबवून, मग चढवून, शेवटी एकदम तोडून, ती हाक स्वयंपाकघरात खणखणीत वाजली. जुन्या अंगणातली पोरं घरी पळाली असती अशी.

फोनमध्ये काहीच आवाज नाही. मग एक छोटासा श्वास. "आई."

"खारू, ऐक. आहे तशी नीघ. आत्ता. सामान घेऊ नकोस. तुझा पहिला दात जिथे पडला ना, तिथे जा. कोणाला सांगू नकोस."

दर 'खारू'ला ती टाच उठायची आणि नव्याने पडायची. कानसेनांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा भलताच आनंदी दिसत होता.

"निघते," मुलगी म्हणाली. "बाबा कुठे आहेत? कण्हतंय कोण?"

"बाबाच आहेत. त्यांच्या पायाला खुर्ची लागली."

"त्यांना सांग, जपा. वेंधळे आहेत अगदी." आणि फोन ठेवण्याआधी, घाईघाईत, "आई, अजून एकदा मार ना."

बायकोने मारली. या खेपेला टाच खाली आली ती थबकली. अर्ध्यावर. आपण कोणाच्या तरी पायावर उभे आहोत हे गर्दीत उशिरा कळावं, तशी ती क्षणभर नुसती टेकून राहिली, चाचपली, आणि फार सावकाश उचलली गेली.

फोन बंद झाला. दोघंही रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती. खुर्ची जराशी मागे सरकलेली होती.

"पाहिलंत?" बायको म्हणाली. मग बर्फ आणायला उठली, आणि जाता जाता तिने खुर्चीच्या पाठीवरचा आपला एप्रन काढून घेतला. कोणाला रुतू नये म्हणून.

७

सकाळी कानसेन लंगडत ऑफिसला गेले. "दाराच्या कोपऱ्याला लागलं," त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तर आज कधी नव्हे ते गप्प होते.

हळूबाई आल्या. खोली शांत झाली. 

"पूल आहेच," हळूबाई म्हणाल्या. "आणि खारू... खारूही राहील. पुढचं सांगेपर्यंत."

उठला नव्हता. म्हणजे पोर सापडली नव्हती. आपल्या लेकीच्या नावावर बंदी आहे हे ऐकून एखाद्या बापाला इतका आनंद झाल्याचं कधी कोणी ऐकलं नसेल. कानसेनांनी हेडफोन चढवले आणि चेहरा त्यात लपवला.

पहिलाच आवाज एका म्हातारीचा होता. दात नसलेली, धाप लागलेली. कोणाशी तरी बोलत होती, औषधाचं, उन्हाचं, आणि मग म्हणाली, "अरे बाळा, माझा धाकटा त्या दिवशी पुलावर..."

कानसेनांना विचार करायला वेळच मिळाला नाही. पाय त्यांच्या आधी खाली गेला. पिचलेल्या नखातून कळ मस्तकात गेली.

पेडल दबलं नाही.

पेडल आणि त्यांचा तळवा यांच्या मध्ये काहीतरी होतं. मऊ. थंडगार. लहानसा हाडकुळा पाय, वर सैल झालेली कातडी, आणि त्यांच्या भाराखाली तो थरथरत होता, पण काढला जात नव्हता. कानात म्हातारीचा आवाज जरासा चिरकला, एवढंच. बाकी वाक्य अखंड आलं. "...पुलावर होता रे. त्याचं नाव वाचलं काल. कोणीतरी पोरीने वाचलं."

कोणाची तरी आई.

कानसेनांनी पाय उचलला. जितक्या हळू उचलता येईल तितक्या हळू. दुसराही उचलला, आणि दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घालून बसले. खाली वाकून पाहायचं धाडस त्यांना झालं नाही. नुसतं ऐकत राहिले. म्हातारी धाकट्याबद्दल पुष्कळ बोलली.

पाठीशी कोणीतरी उभं असल्याचं त्यांना उशिरा जाणवलं. हळूबाई होत्या. त्यांची नजर टेबलाखाली मोकळ्या पडलेल्या पेडलवर होती.

"कानसेन," त्या म्हणाल्या, "शब्द निसटला."

 मग सगळा मुलूख वर्षानुवर्षं जे म्हणत आला होता तेच त्यांच्या तोंडी आलं.

"रेंज गेली होती, बाई."

 शेजारी मास्तरांनी आपला उजवा पाय खुर्चीखाली आणखी आत ओढून घेतला. त्याला फडकं बांधलेलं होतं.

"होतं असं," हळूबाई म्हणाल्या, आणि एक पाय जरा जपून टाकत पुढच्या रांगेकडे गेल्या.